बाईंना विचारा : ‘मलाच कविता कळत नाही, पोराला काय सांगू?’

निवृत्त झाले तरी साताऱ्यात मला अजून सगळे ‘बाई’च म्हणतात, आणि शाळा सुरू झाल्या की पालकांची पत्रं यायला लागतात. या खेपेची बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. गणिताला क्लास आहे, विज्ञानाला क्लास आहे, आणि भाषेचा, साहित्याचा अभ्यास मात्र ‘घरी बघून घे’ या खात्यात. घरी कुणी बघायचं आणि कसं, हे कुणी सांगत नाही. त्यांतली काही पत्रं थोडी छाटून देतेय.

प्रश्न : विट्याजवळ आमचं गाव. चार गाई आहेत, दूध डेअरीला घालतो. थोरला दहावीला आहे. कवितेचं रसग्रहण तो गाईडमधून पाठ करतो आणि मला समोर बसवून म्हणून दाखवतो. एक शब्द हुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी नववीपर्यंत शिकले, मला कवितेतलं काही कळत नाही. मराठीलाही क्लास लावू का? – एक आई

उत्तर : नका लावू, ताई. ते गाईड माळ्यावर टाका आणि पाठ्यपुस्तक काढा. दहावीच्या कुमारभारतीत सुरुवातीलाच संतवाणीत नामदेवांचा अभंग आहे, ‘अंकिला मी दास तुझा’. छोटाच आहे. संध्याकाळी तुम्ही धारा काढायला बसाल तेव्हा पोराला गोठ्याच्या दारात उभं करा आणि तो अभंग मोठ्यानं वाचायला सांगा. म्हणून दाखवायचा नाही, पुस्तकात बघून वाचायचा. पहिल्यांदा गाडी सोडल्यासारखा भरभर वाचेल. दुसऱ्यांदा सावकाश वाचायला लावा. लाजेल. लाजू द्या.

मग त्याला अर्थ विचारू नका. ‘अर्थ सांग’ म्हटलं की पोरं लगेच गाईडची भाषा बोलायला लागतात. एवढंच विचारा, ‘यात कोण कोण धावतंय रे?’ तो शोधेल. मूल आगीत पडतं, आई धावते. पिल्लू जमिनीवर पडतं, पक्षीण झेप घेते. वासरू भुकेनं ओरडतं, गाय हंबरत धावते. इथं त्याला थांबवा, कारण ही गाय तुमच्या घरातली आहे. वासरू सोडायला उशीर झाला की ती दाव्याला कशी हिसके देते, हंबरून गोठा कसा डोक्यावर घेते, वासरू जवळ नसलं की पान्हा कसा चोरते, हे त्यानं जन्मापासून पाहिलंय. नामदेवांनी त्या सगळ्यासाठी दोनच शब्द वापरलेत, ‘हुंबरत धांवे’. तुम्ही धार काढता काढता त्याला सांगा की आपली अमकी गाय पहिल्या वेताला अशी करायची. झालं तुमचं शिकवणं. तुम्हाला कवितेतलं कळत नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. या कडव्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी बँक कॉलनीत वाढले, गाय लांबून पाहिलेली.

आता पुढचं कडवं. वनात वणवा लागलाय, पाडस आत आहे. ‘हरणी काय करते?’ असं विचारा. तो घाईत ‘धावते’ म्हणेल, कारण आतापर्यंत सगळ्या धावतच आल्यात. ‘नीट वाच’ म्हणा. हरणी धावत नाही, चिंता करत उभी आहे. का बरं? मला वाटतं आग एवढी आहे की आईलाही आत शिरता येत नाही. पण हे माझं झालं, ते त्याला आयतं देऊ नका. तो म्हणेल हरणीला दुसरं पाडसही असेल. म्हणू दे, त्यावरून तुमचं भांडण झालं तरी उत्तम. आणि शेवटच्या कडव्यात तर आई उरतच नाही. मेघ आहे आणि त्याला विनवणारा चातक आहे. मेघ काही चातकाची आई नव्हे, तो बरसेल किंवा पुढं निघून जाईल. एवढ्या धावणाऱ्या आया दाखवून झाल्यावर नामदेव स्वतःसाठी नेमका न धावणारा मेघ का निवडतात? हा प्रश्न मी वर्गात वर्षानुवर्षं विचारला आणि दर वर्षी कुणीतरी मला न सुचलेलं उत्तर दिलं.

हे बोलणं झालं की त्याच रात्री त्याला वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा. तुम्ही वाचून काढा, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या मागं लागू नका. ते त्याचे सर बघतील. जे वाक्य वाचून तुम्हाला काहीच दिसलं नाही, त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि म्हणा, ‘हे मला कळलं नाही, तोंडी सांग.’ तो तोंडी जे सांगेल तेच लिहायचं असतं.

गुणांचंही सांगते, कारण त्याशिवाय तुमच्या मालकांना पटायचं नाही. लेखी परीक्षा 80 गुणांची. त्यात गद्याला 18, पद्याला 16, स्थूलवाचनाला 6, भाषाभ्यासाला 16 आणि उपयोजित लेखनाला 24. रसग्रहणाला त्यातले 4. त्या चारांसाठी पोरगं पानंच्या पानं घोकतंय, आणि गद्यात, पद्यात, स्थूलवाचनात जिथं जिथं स्वतःचं मत मागितलंय तिथं मात्र तोंड बंद. मी दहावीचे गठ्ठे तपासलेत. ‘प्रस्तुत ओळींतून कवीने अतिशय समर्पक शब्दांत’ अशी सुरुवात दिसली की पुढचं मी डोळे मिटून म्हणून दाखवीन. एकाच गावातल्या पेपरांत एकच वाक्य, चूकसुद्धा एकच. त्यात एखाद्या पोरानं स्वतःच्या गोठ्यातली गाय आणली की तपासणाऱ्याचं पेन थांबतंच.

आणि पाठांतर करून घ्यायची हौस असेलच तर समास, शब्दसिद्धी, वाक्प्रचार म्हणवून घ्या. तिथं पाठांतराला पर्याय नाही आणि पुस्तक हातात धरून कुणालाही ऐकता येतं.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. सदानकदा कादंबऱ्या वाचते, त्याही इंग्रजी, भुताखेतांच्या आणि प्रेमाच्या. याला साहित्याचा अभ्यास म्हणायचं का? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : म्हणायचं. जेवताना पुस्तक नको एवढा एकच नियम ठेवा. मराठीकडं वळवायचं असेल तर दिवाळीच्या सुमारास वाचनालयाची दिवाळी अंकांची वर्गणी भरा आणि अंक घरात जिथं तिथं पडू द्या. ‘वाच’ म्हणू नका. ‘मनोरंजन’नं 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत तरुण पोरं मोठ्यांच्या कथा चोरून वाचतायत, आणि त्या चोरीतून बरे वाचक तयार झालेत.

प्रश्न : मी ठाण्याला एका कंपनीत इंजिनिअर आहे. शिक्षण मराठी माध्यमातलं, सांगली जिल्ह्यातलं. मुलगी आयसीएसई बोर्डात दहावीला आहे, तिला शेक्सपिअरचं ‘ज्यूलियस सीझर’ आहे. मदतीला गेलो की म्हणते, ‘बाबा, तुम्हाला नाही कळणार ते.’ मी पुस्तक उघडून पाहिलं, खरंच कळत नाही. – एक वडील

उत्तर : मुलीचं बोलणं मनावर घेऊ नका, पण खोटंही ठरवायला जाऊ नका. तिला सांगा, ‘नाहीच कळत, म्हणून तू वाच आणि मला सांग.’ या वयाच्या मुलांना आई-बापांना काहीतरी शिकवायची संधी फार कमी मिळते. मोबाईलमधलं ॲप कसं चालवायचं ते सोडलं तर नाहीच.

तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश घ्या. सीझरचा खून झालाय, रोमची गर्दी जमलीय, आधी ब्रूटस बोलतो आणि मग अँटनी. ब्रूटस तुम्ही घ्या, अँटनी तिला द्या. गर्दीची वाक्यं तिच्या आईकडं आणि धाकट्याकडं. उच्चार चुकतील, हसेल ती. उभं राहून वाचा, सोफ्यावर लोळत नाही. वाचताना तुमच्याच लक्षात येईल की ब्रूटसचं भाषण गद्यात आहे आणि अँटनीचं पद्यात. हे तिच्या वहीत बाईंनी लिहून दिलेलं असणार, पण कानानं ऐकलं तर ते तिचं होईल. ब्रूटस हिशेब मांडल्यासारखा बोलतो. अँटनी मध्येच थांबतो, गळा दाटल्याचं सांगतो, आणि ब्रूटस मोठा सज्जन माणूस आहे असं इतक्या वेळा म्हणतो की चौथ्या-पाचव्या वेळी ते ऐकणाऱ्याला शिवीसारखं वाटायला लागतं. तिला म्हणा, दर वेळी ते वाक्य वेगळ्या आवाजात म्हणून दाखव.

नंतर दोन प्रश्न विचारा. ब्रूटसचं भाषण संपल्यावर गर्दीतला एक जण काय ओरडतो? तो म्हणतो, यालाच सीझर करा. ज्या माणसानं सीझर राजा होईल या भीतीनं त्याला मारलं, त्यालाच लोक सीझर करायला निघालेत, म्हणजे त्याचं भाषण लोकांना कळलं की नाही? दुसरा प्रश्न तुमच्या अनुभवातला आहे. ब्रूटस भाषण उरकून निघून जातो आणि लोकांना वर बजावतो की थांबा, अँटनीचं ऐका. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत विरोधी माणूस बोलायला उभा राहिल्यावर सेक्रेटरी घरी निघून गेला तर काय होतं, हे तुम्ही पाहिलं असेलच. ब्रूटस का गेला? भोळा म्हणून, की आपण एवढे बरोबर आहोत की थांबायची गरजच नाही असं वाटलं म्हणून? यावर तिला भांडू द्या. परीक्षेत पात्राच्या स्वभावावर प्रश्न येतो तेव्हा हेच लागतं.

पुढचा छोटा प्रवेशही वाचा. मुलं तो घाईघाईत उलटतात. खवळलेल्या गर्दीला सिना नावाचा कवी सापडतो. कटात सिना नावाचा दुसराच माणूस होता. ‘मी तो नव्हे, मी कवी’ असं हा परोपरीनं सांगतो, तर एक जण म्हणतो, मग याच्या वाईट कवितांसाठी याला फाडा. हसू येतं आणि लगेच मरतं. मला सगळ्या नाटकात हा प्रवेश सर्वांत भयंकर वाटतो. रोज बातम्या ऐकणाऱ्या मुलीला तो समजावून सांगावा लागणार नाही.

मार्लन ब्रँडोनं अँटनी केलेला 1953 चा सिनेमा आहे, तो वाचून झाल्यावर बघा. आधी बघितला तर ती ब्रँडोचाच आवाज काढत बसेल. आणि तुम्ही मराठीतून शिकलात याची लाज कशाला? आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ 1883 मध्ये केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ केलं, शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चा ‘राजमुकुट’ केला. यातलं एखादं वाचनालयातून आणून तुम्ही वाचा आणि तिला गोष्ट सांगा. तेव्हा ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणायची सोय तिला राहणार नाही.

प्रश्न : मुलगी अकरावी कला शाखेला आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातून ‘बलुतं’ घेऊन आली. मी चाळलं तर शिव्या, दारू, नको नको ते. अभ्यासाच्या नावाखाली हे घरात कशाला? पुस्तक परत करायला सांगितलं तर दोन दिवस बोलत नाही. – एक वडील, संगमनेर

उत्तर : शिव्या आहेत हे खरं. चाळताना फक्त शिव्याच दिसतात हेही खरं, कारण आपण त्याच शोधत असतो. दया पवार तुमच्या शेजारचे, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांचं हे आत्मकथन 1978 मध्ये आलं आणि त्याच्यापाठोपाठ मराठीत दलित आत्मकथनांची रांग लागली. तुमच्या मुलीनं अभ्यासाच्या नावाखाली ते आणलेलं नाही. तो अभ्यासच आहे.

मी तुमच्या जागी असते तर पुस्तक परत करायला लावण्याऐवजी तिचं झाल्यावर स्वतः वाचायला मागितलं असतं. मागून बघा, तिचा राग तिथंच निम्मा उतरेल. पुस्तकाची मांडणी मोठी विलक्षण आहे. त्यात दया पवारांना दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली कहाणी सांगतो. हा दगडू म्हणजे दुसरं कुणी नाही, तेच. शिकलेला, साहेबासारखा दिसणारा माणूस एका बाजूला आणि महारवाड्यातला दगडू दुसऱ्या बाजूला, आणि दोघं एकाच अंगात. स्वतःची गोष्ट सांगायला या माणसाला दोन माणसं का लागली असतील? हा प्रश्न जेवणानंतर मुलीपुढं टाका आणि ऐका. शिव्यांचं काय करायचं ते तीच तुम्हाला सांगेल. त्या गाळल्या तर कावाखान्यातली, म्हणजे दगडूच्या मुंबईतल्या वस्तीतली माणसं कशी बोलली असती, हे तिलाच विचारा.

एक शंका मनात येतेय म्हणून लिहून टाकते. तुम्हाला शिव्या खुपल्यात की आपल्याच मुलखातलं एवढं सगळं छापलंय ते? पत्रातून मला कळायला मार्ग नाही. तुम्ही पुस्तक पुरं वाचाल तेव्हा तुम्हाला कळेल. वाचून झाल्यावरही नको वाटलं तर तसं मुलीला स्पष्ट सांगा, कारणासकट. बापाला एक पुस्तक आवडलं नाही आणि का आवडलं नाही ते त्यानं नीट सांगितलं, हेसुद्धा तिच्या उपयोगाचं आहे.

प्रश्न : भाच्याला दहावीला 88 टक्के पडले आणि तो कला शाखा घेऊन पुढं मराठी साहित्य करायचं म्हणतोय. बहीण-मेव्हणे रडकुंडीला आलेत. घरच्यांनी नेमकं काय करावं? – एक मामा, कऱ्हाड

उत्तर : आधी रडणं थांबवावं, पोराला घरात तोंड दाखवायला जागा राहत नाही. नोकरीचं विचाराल तर फसवणार नाही. मराठीला 2024 च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून जागा निघाल्या असं काही झालेलं नाही. प्राध्यापकीची वाट लांब आहे, एम. ए., मग नेट-सेट या पात्रता परीक्षा, आणि त्यानंतरही तासिका तत्त्वावर वर्षं जातात. पण भाषांतर, मुद्रितशोधन, मालिकांचं लेखन, सबटायटल्स, वृत्तपत्रं अशी कामं आहेत, आणि ती चांगली मराठी येणाऱ्याला मिळतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, प्रत्येकी अडीचशे गुणांचे दोन पेपर. हे मेव्हण्यांना सांगा, त्यांना धीर येईल. भाच्याला सांगू नका, तो स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत शिरला तर साहित्य राहील बाजूला.

घरी त्याला लागेल ते फार महागाचं नाही. टीव्हीपासून लांब एक टेबल. नगर वाचनालयाची त्याच्या स्वतःच्या नावाची वर्गणी, म्हणजे काय आणतोय हे कुणाला विचारायला नको. एक बऱ्यापैकी शब्दकोश. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. अकरावी-बारावीची दोन्ही आत्ताच उतरवून घेऊ द्या, पुढचं वाचायची त्याला हौस असेल. कवी-लेखकांची माहिती हवी असेल तर मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर बघायची सवय लावा. व्हॉट्सॲपवर कुणाचीही कविता कुणाच्याही नावावर फिरते आणि पोरं तेच निबंधात लिहून येतात.

आणि मामा म्हणून तुम्हाला एक काम. त्याला घेऊन भिलारला जा. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं हे गाव 2017 पासून पुस्तकांचं गाव झालंय, स्ट्रॉबेरीवाल्यांच्या घरांत वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं मांडलेली असतात. कुठं कविता, कुठं कथा, कुठं चरित्रं. बसून वाचता येतं. कऱ्हाडहून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. त्याला एका घरात सोडा आणि तुम्ही दुसऱ्या घरात बसा, सारखं ‘काय वाचतोयस’ विचारायला जाऊ नका. गणपतीपुळ्याला तुमच्याकडची मंडळी अधूनमधून जातच असतात, तेव्हा तिथून जवळच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तेही बघून या. बहिणीला आणि मेव्हण्यांनाही न्या. मोदक नंतर खा, स्मारक आधी. देवळातून बाहेर पडल्यावर ‘आता उशीर झाला’ म्हणून सगळे गाडीत बसतात, हा माझा नातेवाइकांबरोबरचा नेहमीचा अनुभव आहे.